ओठांत टाचण्या

शिवणबाईला इंग्रजी येत होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला. अजिबात येत नसतं तर हसून, मान डोलावून, ताट पुढे सरकवून तिचं सुनेशी छान जमलं असतं. पण बाईला इंग्रजी येत होतं, आणि तेही कुणी न शिकवता.

शाळा मधेच सुटली होती. पुढे पहिलं विजेचं मशीन घेतलं तेव्हा त्याच्या खोक्यात एक जाडजूड माहितीपुस्तक निघालं. मशीन अडलं की ते उघडायचं, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि अर्थ लावत बसायचं. मग कपड्यांच्या तयार नमुन्यांची पाकिटं आली, इस्त्रीच्या खोक्यावरचा मजकूर आला, बॉबिनच्या डबीवरच्या सूचना आल्या. डू नॉट पुल द फॅब्रिक. कीप फिंगर्स अवे. द नीडल विल ब्रेक. बाईचं सगळं इंग्रजी या घराण्यातलं. शिवाय शाळेतल्या इंग्रजीच्या बाई अजून मनात बसलेल्या होत्याच. कुणी 'डोन्ट' लिहिलं की त्या लाल रेघ ओढत आणि म्हणत, "शब्दाच्या डोक्यावर टांगलेला हा स्वल्पविराम म्हणजे आळशी माणसाची खूण. शर्टाची अर्धी बटणं उघडी टाकून वर्गात याल का?" तेव्हापासून शिवणबाईने इंग्रजीत कधी बटण उघडं ठेवलं नाही. आय ॲम. यू आर. वुई विल नॉट. प्रत्येक शब्द धुतलेला आणि कडक इस्त्रीचा.

सून दुसऱ्या भाषेची आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गोड मुलगी, पण तिच्या इंग्रजीत एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो ते कळायचं नाही. सगळं कसं तेल लावल्यासारखं सरकत जायचं. सुनेशी बोलताना शिवणबाई मुद्दाम सावकाश बोलते, पूर्ण बोलते, म्हणजे मान राखते, हे त्या पोरीला कळण्याचं काही कारणच नव्हतं.

तिकडून सुनेनेही फोनवरून मराठी शिकायला घेतलं होतं. सकाळी ती न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणे, "आई, मी स्नान करण्यासाठी जात आहे." चहा विचारला तर म्हणे, "मला आता चहा नको आहे." शिवणबाई दुकानात येऊन मैत्रिणीला सांगे, "सून कसली, घरात बातम्या आल्यात. रोज सकाळी हवामान कळतं." हसण्यावारी नेलं खरं, पण ते 'नको आहे' मनात कुठेतरी टोचायचं. नको तर नको म्हणावं. 'आहे' लावून दार कशाला लावून घ्यायचं?

नात झाली. घर दुधाच्या आणि पावडरीच्या वासाने भरून गेलं. शिवणबाई दुकान अर्धा दिवस उघडं ठेवू लागली. सुनेची रजा संपत आली तेव्हा एका संध्याकाळी, बाळाचे कपडे घडी करता करता, सुनेने विचारलं, मी कामावर गेल्यावर तुम्ही हिला सांभाळाल का? विचारलं इंग्रजीत, भरभर, कपड्यांकडे बघत.

शिवणबाईला मनापासून आनंद झाला. गेले काही महिने ती याच प्रश्नाची वाट बघत होती. मशीन घरी कुठे मांडायचं, पाळणा कोणत्या खिडकीशी ठेवायचा, हेही तिने मनात ठरवून टाकलं होतं. पण आनंद झाला म्हणून काय सुनेच्या गळ्यात पडायचं? तिने सावकाश, ताठ मानेने, सगळी बटणं लावून उत्तर दिलं.

"आय डू नॉट माइंड."

सुनेने हातातलं झबलं घडी करून राशीवर ठेवलं. मग "ओके" म्हणाली आणि घड्या उचलून खोलीत गेली. शिवणबाई खूश. एकदाचं ठरलं.

त्यानंतर मुलगा स्वयंपाकघरात आला तो पाण्याची बाटली हातात घेऊन, विनाकारण झाकण उघडत आणि लावत. लहानपणी काच फोडली की असाच उभा राहायचा.

"आई, पहिल्या तारखेपासून बाळाला पाळणाघरात घालतोय."

"कुणाला?"

"बाळ एकच आहे आपल्याकडे."

"शहाणपणा नको. मला विचारलं होतं ना तिने? मी हो म्हणाले."

"तू हो नाही म्हणालीस. तू म्हणालीस, आय डू नॉट माइंड."

"मग तेच झालं की. माझी काही हरकत नाही."

"शब्द तेच आहेत गं," मुलगा म्हणाला, "पण तू एकेक शब्द आपटत म्हणालीस. तिला वाटलं, आई उपकार करतायत. तिला वाटतं तुला हे सगळं जड होतंय. परवा तू म्हणालीस, डू नॉट लिफ्ट हर लाइक दॅट. ती रडत होती नंतर."

"अरे, तिचीच पाठ धरेल म्हणून म्हणाले."

"ते मला कळतं. ती म्हणते, आई घरात असल्या की लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. डू नॉट लीन ऑन द डोअर." आणि तो हसला. शिवणबाई हसली नाही, तेव्हा त्यानेही आवरलं. "मी सांगतो तिला समजावून."

"काही नको. सासूची वकिली नवऱ्याने केली की बाईचा निकाल आधीच लागलेला असतो. ती हो म्हणेल तुझ्याकडे बघून, आणि मनात तसंच राहील. माझं मी बघेन."

बघेन म्हणाली खरी. पण बघायचं कसं, ते त्या माहितीपुस्तकात नव्हतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. दोन मशीनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि भिंतीवर लोकांच्या पँटी ओळीने टांगलेल्या, जणू माणसं वरच्या वर निघून गेली आहेत. नवं काही शिवायचं नाही, जुनं बसवून द्यायचं: पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. तिथे एका उंच स्टुलावर ऑपरेटरबाई बसलेली असे. जन्मभर एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोनवर होती, आता निवृत्त. हातात काहीतरी उसवलेलं घेऊन यायची आणि गप्पा मारून तसंच परत न्यायची.

शिवणबाईने तिला सगळं सांगितलं. सांगताना दोरा सुईत ओवायचा सोडून सुईभोवती गुंडाळत होती.

"अगं, चूक तुझीच," ऑपरेटरबाई म्हणाली. तिला चुका लगेच सापडत. "आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. खोलीतून फोन आला तर आय विल चेक म्हणायचं नाही, आयल चेक म्हणायचं. आय ॲम सॉरी म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, ही माझ्यावर उखडली. आयम सॉरी म्हटलं की म्हणतं, बिचारी."

"एवढ्याने?"

"एवढ्यानेच. तू मुलाला काय विचारतेस? जेवलास का, असंच ना? 'तू जेवला आहेस का' असं कधी विचारतेस?"

शिवणबाईने विचार केला. "तो फोन न करता उशिरा आला की."

"बघ. आपलंही तेच आहे की. आलेय, येतेय, झालंय, नाहीये. 'मी आले आहे' असं कोण म्हणतं? पाहुणी. नाहीतर रुसलेली बाई."

शिवणबाईचा हात थांबला. खरंच की. जन्मभर आपण दुमडूनच बोलतोय आणि कधी लक्षात आलं नाही. आपल्याकडे वर स्वल्पविराम टांगत नाहीत, एवढंच.

"म्हणजे अक्षर कापायचं," ती म्हणाली.

"कापायचं काय त्यात? खायचं."

"नाही, कापलं तर गेलं. आत दुमडायचं. पँट आखूड करताना आम्ही कापड कापून टाकत नाही, आत घालतो. उद्या पोरगं वाढलं तर सोडता येतं."

"तुझं सगळं कापडातच," ऑपरेटरबाई म्हणाली. "बरं, म्हण. आयल."

"आय-इल."

"पायरी उतरू नकोस, घसर. हे बघ, विल म्हणताना ओठ गोल करावे लागतात. आयलमध्ये ओठांना कामच नाही. जीभ वर टेकली की झालं. आयल."

"आयल."

"डोन्ट. शेवटचा ट वाजवू नकोस, नुसता दाखव."

"डोन्ट. आणि विल नॉटचं वोन्ट कसं झालं? विलन्ट व्हायला हवं."

"मला काय ठाऊक. घाईत असतील."

असे धडे सुरू झाले. मशीनचा पाय दाबताना डोन्ट, सोडताना वोन्ट. गिऱ्हाईक येई, ती "इट्स रेडी" म्हणे, आणि गिऱ्हाईक मराठीच असल्यामुळे दचकून आपल्या पावतीकडे बघे. एक अडचण मात्र राहिली. ऑपरेटरबाईने बजावलं होतं की वाक्याच्या शेवटी आलं तर दुमडायचं नाही. 'येस, आय ॲम' पूर्ण म्हणायचं, कारण सगळं वजन तिथेच येतं. शिवणबाईला ते लगेच पटलं. जिथे बटणाचा ताण येतो तिथे चुणी कोण घालतं? पटलं, पण घरी गेल्यावर लक्षात कुठलं राहायला.

त्याच संध्याकाळी सुनेने विचारलं, "आर यू टायर्ड, आई?"

"येस, आयम," शिवणबाई म्हणाली.

सून थांबली. वाक्याचा उरलेला भाग येईल म्हणून मान थोडी पुढे करून, भुवया वर करून उभी राहिली. शिवणबाईही थांबली, कारण तिच्याकडे उरलेला भाग नव्हता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी दूध उतू जात नसतानाही शिवणबाई दूध बघायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी तयारी केली. सून बाळाला घेऊन बाहेर आली तशी ही हसतमुखाने म्हणाली, "डोन्ट वरी. इट्स फाइन. आयल डू इट. यूर टायर्ड." एका दमात, चारही वाक्यं, पाठ केल्यासारखी, खरं म्हणजे पाठ केलेलीच. सून म्हणाली, "थँक यू, आई," आणि बाळाला छातीशी जरा घट्ट धरलं. मग मुलगा येऊन विचारून गेला, "आई, तुला बरं नाहीये का? ती म्हणते, आई कुणासारख्या तरी बोलतायत."

"कुणासारख्या म्हणजे?"

"ते तिला सांगता येईना. म्हणाली, जाहिरातीतल्या बाईसारख्या."

शिवणबाईने स्टुलावरच्या मैत्रिणीला सांगितलं की, शिकवणी बंद. पहिली तारीख चार पावलांवर आली होती. सुनेने पाळणाघराची पिशवी भरायला घेतली होती: लंगोट, टोपरं, रिकामी बाटली. येता जाता ती पिशवी दिसे आणि शिवणबाई नजर दुसरीकडे वळवी. कडक बोललं तर लिफ्ट, मऊ बोललं तर जाहिरात. तिसरं काही आपल्या तोंडात आहे की नाही, हेच तिला कळेना.

रविवारी दुपारी मुलगा बाळाला कडेवर घेऊन गच्चीत गेला होता. शिवणबाई धुतलेल्या दुपट्यांची रास घेऊन खोलीपाशी आली तर दार अर्धं उघडं. सून आरशासमोर उभी. अंगात कामावरचा पांढरा कोट. बटण आणि काज यांच्यात दोन बोटांचं अंतर, आणि ते अंतर मिटवायला ती श्वास आत घेऊन धरून उभी होती. श्वास सुटला, कोट उघडला. तिने पुन्हा आत घेतला. मग तिने सोडूनच दिलं, आणि तशीच, हात खाली टाकून, आरशात बघत राहिली.

शिवणबाई दुपटी पलंगावर टाकून आत गेली. विचारलं काहीच नाही. या बाबतीत तिला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. कोट काढून घेतला, उलटा केला, बाजूची शिवण अंगठ्याने चाचपली. कुणीतरी भला शिंपी होता. आत दोन्ही बाजूंना चांगली भरपूर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेली होती. बाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिने खिशातून छोटी कात्री काढली, दोन्ही बाजू काखेपासून खालपर्यंत उसवल्या, आणि कोट उलटाच सुनेच्या अंगावर चढवला. तोंड आरशाकडे, पाठ आपल्याकडे. मग गुडघ्यांवर बसली आणि सवयीने मूठभर टाचण्या ओठांत धरल्या.

ओठांत टाचण्या धरून माणूस फार बोलत नाही. बोललंच तर दातांआडून, ओठ न हलवता, नाहीतर टाचणी घशात जाते. शिवणबाईचं निम्मं आयुष्य असं बोलण्यात गेलं होतं. हात वर करा, वळा, श्वास सोडा. गिऱ्हाइकांना सवय होती.

सुनेने पोट आत घेतलं.

"डोन्ट," शिवणबाई म्हणाली. "डोन्ट हाइड. दॅट्स नाइस. लेट इट गो."

सुनेने श्वास सोडला. टाचणी लागली, पुढची निघाली.

"इट्स टाइट हिअर? नो? आयल गिव्ह अ लिट्ल."

आपण काय बोलतोय इकडे बाईचं लक्षच नव्हतं. तिचं लक्ष होतं शिवणीच्या रेषेवर; ती काखेतून जरा तिरकी येत होती. सून मात्र आरशातून खाली बघत होती, गुडघ्यांवर बसलेल्या बाईच्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडे. आणि ती बोलू लागली. समोरासमोर नव्हतं म्हणून असेल. भरभर, नेहमीसारखं सरकतं इंग्रजी. पाळणाघर चांगलंय, तिथल्या बाई प्रेमळ आहेत, पण मुलं खूप आहेत, आणि ही रडताना आधी आवाज काढत नाही, नुसतं तोंड वेडंवाकडं करते, ते कुणाच्या लक्षात येईल? घरी ठेवायची माझी इच्छा होती, पण तुमच्यावर लादायचं नव्हतं. तुमचं दुकान आहे. तुम्ही नाही म्हणू शकणार नाही म्हणून मी विचारायलाच नको होतं.

शिवणबाईला सगळं कळलं. शब्द कुठे संपतात ते अजूनही कळलं नव्हतं, पण त्याने अडलं नाही.

मग सून थांबली. आणि अचानक मराठीत, एकेक शब्द शोधून, जपून ठेवत म्हणाली, "आई. मला भीती वाटत आहे."

पुन्हा बातम्या. पण या वेळी बातम्या देणारीची हनुवटी थरथरत होती. शिवणबाई हातातली टाचणी तशीच धरून वर बघत राहिली. म्हणजे 'मला चहा नको आहे' हे दार लावणं नव्हतं तर. ही पोरगीसुद्धा इतके दिवस आपल्याकडे इस्त्रीचे कपडे घालूनच येत होती. आपण हिच्याकडे, ही आपल्याकडे, आणि दोघी मनात म्हणत होतो की समोरची किती कडक आहे.

"डोन्ट क्राय," ती टाचण्यांमधून म्हणाली. "आय नो. इट्स ऑल राइट. आयल..."

पुढचं आलं नाही.

सुनेने आरशातून विचारलं, "यूल व्हॉट?"

पुढचं दातांआडून म्हणायचं नव्हतं. शिवणबाईने टाचण्या ओठांतून काढल्या. मनगटाच्या उशीत एक टोचली, दुसरी टोचली, घाई केली नाही. शेवटची टोचून झाल्यावर तिने तोंड मोकळं केलं, ओठ नीट गोल केले, आणि आपल्या जुन्या, सगळी बटणं लावलेल्या इंग्रजीत म्हणाली,

"आय विल कीप हर. आय वॉन्ट टू कीप हर. शी विल नॉट गो टू एनी पाळणाघर."

दुकानातल्या मैत्रिणीने कानाला हात लावला असता. एकही अक्षर दुमडलेलं नव्हतं. पण सुनेने अंग चोरलं नाही. ती आरशात बघत होती, डोळे भरलेले, आणि तोंडावर हसू फुटायच्या बेतात.

"यू वॉन्ट टू?"

"आय डू," शिवणबाई म्हणाली. ते शेवटी आल्यामुळे पूर्णच म्हणायचं असतं, हे तिला नंतर आठवलं.

सून वळून तिच्या गळ्यात पडायला निघाली.

"अगं थांब, हलू नकोस," शिवणबाई मराठीत ओरडली, "टाचण्या आहेत सगळीकडे." आणि तिने पुन्हा चार टाचण्या ओठांत धरल्या, कारण डावी बाजू अजून राहिली होती, आणि शिवाय तिला आता बोलायचं नव्हतं.

संध्याकाळी पाळणाघराची पिशवी सुनेनेच रिकामी केली. मुलाने विचारलं, "काय झालं?" दोघींनी एकदम "काही नाही" म्हटलं. त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि लावलं. जेवताना तो दोन वेळा एकीकडून दुसरीकडे बघत राहिला; शेवटी कुणीच काही सांगेना तेव्हा भात वाढून घेतला.

पहिल्या तारखेला दुकानातलं एक मशीन वर घरी आलं आणि खिडकीशी पाळण्याला लागून बसलं. ऑपरेटरबाईचं स्टूलही मागोमाग आलं. सून नव्या शिवणीचा कोट घालून, दारातून चार वेळा परत येऊन, अखेर कामावर गेली.

अर्ध्या तासाने फोन वाजला. शिवणबाईने एका हाताने नातीला थोपटत तो उचलला. नात आवाज न काढता तोंड वेडंवाकडं करत होती, म्हणजे दुधाची वेळ झाली होती.

"आई," पलीकडून सून म्हणाली. मागे कुणीतरी गिऱ्हाईक अक्षरं वाचून दाखवत होतं. तिचा आवाज दबलेला, कळवळल्यासारखा. "आई, टोचतेय."

"काय टोचतेय?"

"कोटात. टाचणी राहिलीय."

शिवणबाई बघत राहिली फोनकडे. मग स्टुलावरच्या बाईला खूण करून तिने विचारलं, "कुठल्या बाजूला? डावीकडे ना? थांब, ओढू नकोस. मी सांगते तशी काढ."